विवाह आणि नागरिकत्व : पत्नीच्या आश्रित दर्जाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे तीर्थक्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. शहादा तालुक्यातील या गावापासून गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये दूर नाहीत आणि या परिसरातील सोयरिकींनी राज्यांच्या सीमा फारशा मानलेल्या नाहीत. सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेत आणि मतदारयादीत घालावे लागते. परंतु ती या देशाची नागरिक आहे काय, असा प्रश्न तिला कोणी विचारीत नाही. हीच सोयरीक देशाची सीमा ओलांडते तेव्हा मात्र चित्र पालटते. तिथे सासर आणि माहेर यांच्यामध्ये राज्यसंस्था उभी असते आणि दोन कुटुंबांचा प्रश्न कायद्याचा प्रश्न बनतो.

नागरिकाशी विवाह केला की त्या देशात राहण्याचा हक्क आपोआप मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. एके काळी हा समज बराचसा खरा होता. आज तो खरा नाही. एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत विवाहाचा जोडीदाराच्या नागरिकत्वावर आणि प्रवेशाच्या हक्कावर काय परिणाम होत गेला, याचा मराठी माणसांशी आणि पूर्वीच्या मुंबई इलाख्याशी निगडित अशा काही उदाहरणांच्या आधारे आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरिकत्वाच्या कायद्याने पत्नीला पतीपासून स्वतंत्र केले. परंतु प्रवेशपरवान्याच्या, म्हणजे व्हिसाच्या, नियमांनी तिला पुन्हा त्याच्याशी बांधले, हे येथे मांडावयाचे आहे.

एक कुटुंब, एक राष्ट्रीयत्व

विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, हे तत्त्व युरोपीय कायद्यात दीर्घकाळ रूढ होते. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने परकीय पत्नीला फ्रेंच पतीचा दर्जा दिला. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह करणारी परकीय स्त्री ब्रिटिश ठरली आणि १८७० च्या कायद्याने परकीयाशी विवाह करणारी ब्रिटिश स्त्री परकीय ठरली. अमेरिकेने हीच दोन पावले अनुक्रमे १८५५ आणि १९०७ मध्ये उचलली. एका कुटुंबात एकच राष्ट्रीयत्व असावे आणि ते पतीचे असावे, हा या सर्व कायद्यांचा समान पाया होता. ही व्यवस्था दुधारी होती. ज्या तरतुदीने एका स्त्रीला विनासायास नवा देश मिळे, तिच्याच जोड-तरतुदीने दुसरीचा जन्माचा देश हिरावला जाई.

हिंदुस्थानात लागू असलेल्या १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वविषयक कायद्याने हेच तत्त्व साम्राज्यभर कायम केले. ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजन आणि परकीयाची पत्नी परकीय मानावी, असे या कायद्याच्या दहाव्या कलमात नमूद होते. या व्यवस्थेची देणारी बाजू समजून घेण्यासाठी सावित्री खानोलकर यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली हंगेरियन पिता आणि रशियन माता यांच्या पोटी जन्मलेल्या ईव्ह इव्हॉन मादे यांनी १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि सावित्री हे नाव स्वीकारले. पती ब्रिटिश प्रजाजन असल्यास पत्नीने वेगळा अर्ज करण्याची, ठरावीक वर्षे वाट पाहण्याची वा निष्ठेची शपथ घेण्याची आवश्यकता त्या कायद्यात नव्हती. विवाह हीच तिची कायदेशीर पात्रता होती.

पुढे याच सावित्रीबाईंनी स्वतंत्र भारताच्या परमवीर चक्राची रचना केली. १९५० मध्ये राज्यघटना अंमलात आली तेव्हा त्यांच्यासारख्या परदेशात जन्मलेल्या व्यक्तीसाठी पाचव्या अनुच्छेदातील अधिवास आणि किमान पाच वर्षांचे सर्वसाधारण वास्तव्य ही कसोटी उपलब्ध होती. या कसोटीत वास्तव्य त्यांचे स्वतःचे होते. अधिवास मात्र तत्कालीन संकल्पनेनुसार पतीच्या अधिवासाला अनुसरणारा होता. नव्या राष्ट्राचा सर्वोच्च शौर्यसन्मान घडविणाऱ्या स्त्रीच्या नागरिकत्वाच्या मुळाशीही पतीच्या अधिवासाचे तत्त्व होते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

सखाराम गणेश पंडित खटला : व्यवस्थेची दुसरी बाजू

या व्यवस्थेची हिरावून घेणारी बाजू अमेरिकेतील एका खटल्यात स्पष्ट दिसते. सखाराम गणेश पंडित हे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. त्यांचा जन्म अहमदाबादचा. म्हणजे खानदेश ज्या मुंबई इलाख्यात होता त्याच इलाख्यातला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या पंडितांना १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने नागरिकत्व दिले. तत्कालीन कायद्याप्रमाणे देशीकरणाने नागरिक होण्याचा मार्ग मुख्यतः ‘मुक्त श्वेतवर्णीय व्यक्तीं’पुरता खुला होता आणि हिंदी माणूस त्या व्याख्येत बसतो काय, हा वादाचा विषय होता. सरकारी हरकत अमान्य करून न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला.

फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी व्यक्ती ‘श्वेतवर्णीय’ ठरत नाही, असा निर्णय दिला. थिंड यांची बाजू पंडितांनीच मांडली होती. या निर्णयाचा आधार घेऊन सरकारने पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी व्यक्तींविरुद्ध ते रद्द करण्याचे दावे दाखल करण्यास प्रारंभ केला. त्यांत पंडितांचाही समावेश होता. वकील आता स्वतः प्रतिवादी झाला.

या दाव्यात लिलियन पंडित यांचे भवितव्यही पणाला लागले होते. १९०७ च्या कायद्यानुसार अमेरिकन स्त्री परकीयाशी विवाह करताच पतीचे राष्ट्रीयत्व धारण करी. पंडितांचे नागरिकत्व मुळातच अवैध होते असे ठरले असते, तर लिलियन यांनी १९२० मध्ये एका परकीयाशी विवाह केला होता, असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणजे ज्या देशात त्या जन्मल्या त्या देशाचे नागरिकत्व त्यांनी, विवाहाच्या वेळी कोणालाही कल्पना नसताना, गमावलेले ठरले असते. १९१४ चा निर्णय विश्वासार्ह मानून आपण व्यवसाय उभारला, मालमत्ता घेतली आणि विवाह केला. आता तो निर्णय मागे घेतल्यास आपल्यासह पत्नीवरही अन्याय होईल, असे पंडितांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला. ज्या प्रश्नावर सरकारने १९१४ मध्ये हरकत घेतली होती आणि विरोधी निर्णय लागूनही अपील केले नव्हते, तो प्रश्न त्याच पक्षांमध्ये पुन्हा उकरता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सूत्र होते. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. त्यानंतर हिंदी लोकांचे नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम ओसरली.

येथे एक सूक्ष्म मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. पंडित दांपत्याचा विजय हा विवाहित स्त्रीच्या हक्काचा विजय नव्हता. लिलियन यांचे नागरिकत्व टिकले ते पतीचे टिकले म्हणून. त्यांचा स्वतंत्र हक्क न्यायालयाने मान्य केला, असे म्हणता येत नाही. तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी कीटिंग मोर्स यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सप्टेंबर १९२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केबल कायदा संमत केला. परकीयाशी विवाह केला तरी अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाणार नाही, हे तत्त्व त्याने स्वीकारले. परंतु पती जर देशीकरणास अपात्र वंशाचा असेल तर ही सवलत लागू होणार नाही, असा अपवादही ठेवला. दास आणि मेरी यांचा विवाह १९२४ मधला, म्हणजे थिंड निर्णयानंतरचा. साहजिकच मेरी दास यांना आपल्याच देशात परकीय ठरविण्यात आले. स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या कायद्यातच वंशभेदाची फट ठेवली गेली होती आणि तिचा फटका हिंदी पुरुषांशी विवाह करणाऱ्या स्त्रियांना बसला. हा अपवाद १९३१ मध्ये दूर झाला. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग मात्र १९४६ च्या कायद्यानेच खुला झाला.

फाळणी आणि पत्नीचा अधिवास

स्वतंत्र भारतात हा प्रश्न फाळणीच्या छायेत पुढे आला. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग हा खटला याचे ठळक उदाहरण आहे. आपण बिहारमधील एका संस्थानिक घराण्यातील पुरुषाची विवाहित पत्नी आहोत, असे म्हणणारी एक स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली, तात्पुरत्या परवान्यावर भारतात आली आणि परवान्याची मुदत संपल्यावर परत गेली. तिची भारतातील मालमत्ता निर्वासितांची मालमत्ता म्हणून ताब्यात घेण्यात आली. पती भारतातच असल्याने पत्नीचा अधिवासही भारतातच राहतो, असा युक्तिवाद करण्यात आला. पत्नीचा अधिवास पतीचाच असतो हे गृहीत धरले, तरी राज्यघटनेचा सातवा अनुच्छेद पाचव्याला वरचढ ठरतो आणि मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर करणारी व्यक्ती नागरिक मानली जाणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

या निर्णयाचे वाचन दोन प्रकारे करता येते. पत्नी म्हणजे पतीची सावली नव्हे, तिच्या स्वतःच्या कृतीचे परिणाम तिलाच भोगावे लागतात, हे मान्य करणारा तो निर्णय आहे. परंतु स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व येथे मान्य झाले ते तिच्यावर जबाबदारी टाकताना. तिला हक्क देताना नव्हे. ही विसंगती पुढील काळातही आढळते.

नागरिकत्व कायदा, १९५५ : शब्दांचा प्रवास

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने विवाहाने आपोआप नागरिकत्व मिळण्याची पद्धत भारतासाठी सोडून दिली. पाचव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमातील ‘क’ खंडाने नोंदणीचा मार्ग दिला. या एका खंडाच्या शब्दयोजनेत दोन वेळा झालेले बदल अभ्यासण्यासारखे आहेत.

मूळ खंडात भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या किंवा पूर्वी विवाहित असलेल्या ‘स्त्रिया’ एवढाच उल्लेख होता. वास्तव्याची अट नव्हती. परदेशी पुरुषाने भारतीय स्त्रीशी विवाह केल्यास त्याला ही सवलत नव्हती. म्हणजे भारतीय पुरुष पत्नीला नागरिकत्वाच्या दारापर्यंत आणू शकत होता, भारतीय स्त्री पतीला आणू शकत नव्हती. परदेशात जन्मलेल्या अपत्यालाही वंशपरंपरेने नागरिकत्व मिळे ते पित्याकडूनच. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला आणि त्याबरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. मातेकडून अपत्याला नागरिकत्व मिळण्याची तरतूद १९९२ च्या दुरुस्तीने झाली. २००३ च्या दुरुस्तीने, जी डिसेंबर २००४ पासून अंमलात आली, ही मुदत सात वर्षांची केली. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांत किमान सहा वर्षे भारतात वास्तव्य असावे, असा तिचा हिशेब आहे. बेकायदा स्थलांतरिताला हा मार्ग बंद करण्यात आला.

वास्तव्याच्या वाढत्या मुदतीकडे सर्वांचे लक्ष जाते. त्याहून महत्त्वाचा बदल मात्र एका छोट्या शब्दसमूहात आहे. ‘विवाहित असलेल्या किंवा पूर्वी विवाहित असलेल्या’ या जुन्या शब्दयोजनेतील दुसरा भाग २००३ मध्ये वगळला गेला. आज खंडात ‘विवाहित असलेली व्यक्ती’ एवढेच आहे. परिणामी सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पती निवर्तला किंवा घटस्फोट झाला, तर त्या परदेशी पत्नीला या खंडाचा शब्दशः आधार उरत नाही. समानतेच्या दिशेने झालेल्या प्रवासात विधवा आणि घटस्फोटिता यांच्यासाठी असलेले संरक्षण असे मागे पडले.

परदेशी नागरिक असलेल्या जोडीदारासाठी २०१५ च्या दुरुस्तीने ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया या कार्डाचा मार्ग उपलब्ध केला. विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वी किमान दोन वर्षे अखंड टिकलेला असावा, ही त्याची अट आहे. परंतु न्यायालयाने विवाह विसर्जित केल्यास ही नोंदणी रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे आहे.

गोव्यातील अनुभव

विवाह देतो तसा घेतोही, हे सूत्र गोव्यात आजही अनुभवास येते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या आदेशाने तेथील रहिवासी भारतीय नागरिक झाले. परंतु मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग पोर्तुगीज कायद्याने खुला ठेवला आहे. १९८१ च्या पोर्तुगीज कायद्याप्रमाणे पोर्तुगीज नागरिकाशी तीन वर्षांहून अधिक काळ विवाहित असलेला जोडीदार घोषणेद्वारे नागरिकत्व मागू शकतो. भारतीय कायद्यातील नववे कलम मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही; स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे एकाच घरात पती पोर्तुगीज, पत्नी भारतीय, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. एकोणिसाव्या शतकातील कायदा ही स्थिती येऊच देत नसे. आजचा कायदा निर्णय पत्नीवर सोपवतो. ही प्रगती निश्चितच आहे; पण त्या निर्णयाची किंमतही तिलाच मोजावी लागते.

प्रवेशपरवान्याचे युग

१९४९ पासून अंमलात आलेल्या ब्रिटिश कायद्याने विवाहाने आपोआप राष्ट्रीयत्व बदलणे थांबविले. विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९५७ मध्ये झाला. स्त्रियांवरील भेदभावाच्या निर्मूलनासाठीच्या १९७९ च्या कराराच्या नवव्या अनुच्छेदाने राष्ट्रीयत्वाबाबत स्त्रीला समान हक्क दिले आणि भारताने त्या कराराला १९९३ मध्ये अनुसमर्थन दिले. नागरिकत्वाचे क्षेत्र असे सुधारत असताना नियंत्रणाचे केंद्र मात्र नागरिकत्वाकडून प्रवेशाकडे सरकले.

१९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी करण्यात आली. वाग्दत्त वधूला आगाऊ परवान्याशिवाय प्रवेश मिळे, पत्नीला तो आवश्यक असे. म्हणून ती खरोखर अविवाहित आहे काय, याची खातरजमा अधिकाऱ्यांनी तिच्या शरीरावरून करू पाहिली. प्रसिद्धीनंतर मोठा गदारोळ झाला आणि ही प्रथा बंद करण्यात आली. स्त्रीची वैवाहिक स्थिती हाच प्रवेशाचा निकष झाला की संशयाची धार कुठवर जाते, याचे हे अस्वस्थ करणारे उदाहरण होय. पुढे निकष आर्थिक झाले. २०१२ मध्ये ब्रिटनने जोडीदाराला आणण्यासाठी १८,६०० पौंड वार्षिक उत्पन्नाची अट घातली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने नागरिकाच्या जोडीदाराला संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले. १९८६ मध्ये मात्र बनावट विवाह रोखण्यासाठी, विवाह नवा असल्यास पहिली दोन वर्षे सशर्त निवासाची तरतूद आली. महाराष्ट्रातून संगणक क्षेत्रात गेलेल्या तरुणांच्या पत्नींची स्थिती याहून नाजूक असते, कारण पती तिथे नागरिक नसतो, एच-१बी परवान्यावरील कर्मचारी असतो. पत्नीचा एच-४ हा परवाना केवळ आश्रिताचा असतो. पतीची नोकरी गेली की त्याच्याबरोबर तिच्या वास्तव्याचा आधार जातो; घटस्फोट झाला तरी तो जातो. येथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गेलेल्या स्त्रीला तेथे नोकरीचा हक्क नव्हता. मे २०१५ पासून अंमलात आलेल्या नियमाने, पतीचा स्थायी निवासाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असल्यास, काही पत्नींना कामाची परवानगी मिळू लागली. ही परवानगीदेखील पतीच्या प्रगतीवरच अवलंबून आहे. कायद्याच्या भाषेत हे नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखे लागू आहेत. व्यवहारात त्यांचा भार बहुतांशी स्त्रियांवर पडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विवाहातून मिळणारा दर्जा हा मूलतः उसना दर्जा असतो. सावित्री खानोलकर यांना तो लाभला, मेरी दास यांच्यावर उलटला आणि लिलियन पंडित केवळ पतीच्या खटल्याच्या निकालामुळे बचावल्या. तिघींच्या बाबतीत कायद्याने पाहिले ते पतीकडे. दुसरा, राष्ट्रीयत्वाच्या कायद्यातून हे तत्त्व बाद झाले तरी व्हिसाच्या नियमांतून ते परतले आहे. पूर्वी पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीचे असे, आज तिचा मुक्काम पतीचा असतो. तिसरा, कायद्याची भाषा लिंगनिरपेक्ष झाली म्हणजे संरक्षण वाढतेच असे नाही. भारतीय कायद्यातील ‘पूर्वी विवाहित असलेल्या’ हे शब्द गळाले, हा याचा पुरावा होय. हे शब्द पुन्हा समाविष्ट व्हावेत आणि वैधव्य, घटस्फोट किंवा छळ या प्रसंगी जोडीदाराने काढलेली वर्षे तिच्या स्वतःच्या खात्यावर धरली जावीत, असे सुचवावेसे वाटते.

या प्रश्नाचा संबंध महानगरांपुरता उरलेला नाही. ग्रामीण भागात ग्रामसेवकाच्या दप्तरातून मिळणारा विवाहनोंदणीचा दाखला हा आज परदेशी वकिलातीच्या खिडकीवर मागितला जाणारा पहिला कागद आहे. विवाहनोंदणी सक्तीची करावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. आपल्या महाविद्यालयांतून शिकून परदेशी सासरी जाणाऱ्या विद्यार्थिनीला हा दाखला तिला नेमका कोणता हक्क देतो आणि कोणता देत नाही, हे जाण्यापूर्वीच माहीत असणे आवश्यक आहे. हे सांगण्याचे काम इतिहास, राज्यशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांनी वर्गातच करावयाचे आहे.